वाढपी वाढले, पातेले एकच

'सर्व्हर डाऊन आहे' या तीन शब्दांनी आता मराठीत कायमचे बिऱ्हाड केले आहे. पूर्वी कचेरीतून माणूस रिकाम्या हाताने परत पाठवायचा असला की 'साहेब जागेवर नाहीत' असे सांगत. साहेब निदान कधीतरी जागेवर येत, त्यांना गाठता येई, त्यांच्याशी भांडता येई. सर्व्हरशी कोणी भांडायचे? तो कुठल्या गावी असतो हे खिडकीतल्या माणसालाही ठाऊक नसते. मग पाऊस लागला तसा सर्व्हर पडला, असे म्हणत आपण पासबुक पिशवीत टाकतो आणि गोखले रोडच्या गर्दीतून घराकडे वळतो. आमच्या नौपाड्यात पेन्शनरांची वस्ती मोठी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हा अनुभव कोणाला ना कोणाला येतो आणि संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर त्याची चर्चाही होते. चर्चेचा सूर बहुधा 'संगणक आले आणि सगळे बिघडले' असा असतो.

तो सूर मला पटत नाही. पाऊस आभाळातून येतो. सर्व्हर पडतो त्याला पुष्कळदा माणसांचा हिशेब कारण असतो. गर्दी होण्याच्या कितीतरी आधी, हिशेबाची वही किती जागी ठेवायची याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, किंवा घ्यायचा राहून गेलेला असतो. खिडकीवर आपल्याला दिसतो तो त्याचा परिणाम. आणि हा निर्णय समजून घ्यायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पंगतीत जेवलेल्या कोणालाही तो समजेल.

सर्व्हर या इंग्रजी शब्दाचा एक सरळ अर्थ वाढपी असाच आहे. लग्नकार्यातली दोनशे पानांची पंगत डोळ्यांपुढे आणा. पाने मांडली, भात वाढून झाला, लोक भाताचे आळे करून वरणाची वाट पाहताहेत. यजमान घाईला आले आणि त्यांनी पाचाचे वीस वाढपी केले. पण वरणाचे पातेले एकच आणि त्यात डावही एकच. मग वीसच्या वीस वाढपी पातेल्याभोवती रांग लावतात, एकमेकांच्या अंगावर वरण सांडतात आणि पान कोरडेच राहते. जाणता आचारी असे होऊ देत नाही. पंगत बसण्यापूर्वीच तो वरण चार बादल्यांत काढून मांडवाच्या चार कोपऱ्यांत ठेवतो. वाढप्यांची संख्या तीच राहिली तरी पंगत झपाट्याने उठते.

संगणकाच्या दुनियेत नेमके हेच करावे लागते. खिडक्या, शाखा, मोबाइलवरची ॲप्स, हे सगळे वाढपी. ते वाढवणे सोपे आणि दिसायलाही बरे, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. पण त्या सगळ्यांना अखेर एकाच वहीत लिहायचे असेल तर रांग फक्त तुमच्या नजरेआड जाते, संपत नाही. वहीच वाटावी लागते. विषय इथेच संपला असता, पण वरण आणि बँकेतली शिल्लक यांत एक मोठा फरक आहे. वरण या बादलीतले काय नि त्या बादलीतले काय, सारखेच. तुमच्या खात्यातले पाच हजार रुपये मात्र दोन बादल्यांत ठेवता येत नाहीत. ठेवले तर तुम्ही दोन्हीकडून काढाल!

माझी सारी नोकरी एका सहकारी बँकेत गेली आणि त्यातली सुरुवातीची वर्षे लेजरच्या काळातली होती. आजच्या वाचकांपैकी अनेकांना पितळी टोकन हातात घेऊन बाकावर बसल्याचे आठवत असेल. खिडकीमागे आम्ही चार-पाच जण बचत खात्यांची जाडजूड लेजरे घेऊन बसत असू. सगळी खाती एकाच वहीत ठेवणे शक्यच नव्हते, कारण एका वहीत एका वेळी एकच माणूस लिहू शकतो. म्हणून वाटणी. पहिल्या लेजरात १ ते १०००, दुसऱ्यात १००१ ते २०००, असे सरळ क्रमाने. याच्याइतकी समजायला सोपी पद्धत दुसरी नाही, आणि तिच्यातली खोच लक्षात यायला फार दिवस लागत नाहीत. पहिल्या हजारात कोणाची खाती? शाखा उघडली तेव्हा ज्यांनी खाते काढले त्यांची. म्हणजे आता कोण? पेन्शनर. महिन्याच्या १ तारखेला पहिल्या टेबलापुढे काठ्या आणि चष्मे यांची दाटी होई, आणि पाचव्या टेबलावरचा आमचा तरुण सहकारी, ज्याच्याकडे नव्याने नोकरीला लागलेल्यांची खाती होती, तो पेन्सिलीला टोक काढत बसे. वाटणी समान होती, हजार-हजाराची. ताण समान नव्हता.

आमच्या हेडक्लार्कांनी यावर एक तोडगा काढला. खाती क्रमाने न लावता खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून लावायची. शेवटी ० किंवा १ असेल तर पहिले टेबल, २ किंवा ३ असेल तर दुसरे, याप्रमाणे. शेवटच्या आकड्याला वय नसते. पेन्शनर, विद्यार्थी, दुकानदार सगळे पाच टेबलांवर विखुरले गेले आणि १ तारखेची रांग पाच जागी विभागली. आज मोठमोठ्या संगणक यंत्रणांत माहितीची वाटणी करताना हीच युक्ती जराशा गणिती अवतारात वापरतात. मात्र तिची किंमत आम्हाला मोजावी लागली. 'शाखेतली पहिली पाचशे खाती काढून द्या' असे तपासनिसाने म्हटले की पूर्वी एक लेजर पुढे सरकवले की काम होई. आता पाची टेबलांवरून पाने गोळा करून क्रम लावत बसावे लागे. वाटणीची कोणतीही पद्धत एका कामाला सोयीची असते तर दुसऱ्याला गैरसोयीची. कुठले काम रोजचे आणि कुठले वर्षातून दोनदा, हे ओळखून निवड करायची असते. हे शहाणपण यंत्र देत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक. एका खातेदाराने दुसऱ्याच्या नावे रक्कम वर्ग करायला सांगितली आणि दोघे वेगवेगळ्या टेबलांचे असले, की एका लेजरात नावे टाकायचे आणि दुसऱ्यात जमा करायचे. मध्ये जेवणाची सुट्टी झाली तर? नावे पडले, जमा राहिले. संध्याकाळी टॅली लागेना की मग सगळा स्टाफ दिव्याखाली व्हाउचरे उलटीसुलटी करत बसे. एकच वही असती तर हा प्रश्न पुष्कळ सोपा असता. वही वाटली म्हणून तो अवघड झाला. आज भाजी घेताना मोबाइलवरून पैसे जातात, आपल्या खात्यातून वजा होतात आणि भाजीवाल्याचा फोन मात्र बोलत नाही, तेव्हा तीच जेवणाची सुट्टी झालेली असते. दोन बँकांच्या दोन वह्यांपैकी एकीत लिहिले गेले, दुसरीत राहिले. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यासाठी नियम करून ठेवला आहे. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम वजा होऊन पोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. किती जणांना हे माहीत असते? मला तरी हे परिपत्रक फार मोलाचे वाटते, कारण त्यात एक कबुली आहे: वह्या वाटल्या की मधल्यामध्ये अडकणे अधूनमधून होणारच, तेव्हा त्याचा भार ग्राहकाने का सोसायचा?

संगणक आले तेव्हा बँकांनी उलटा प्रवास केला. शाखाशाखांतली लेजरे गेली, आधी शाखेपुरते संगणक आले आणि पुढे सगळ्या शाखांचे हिशेब एका मध्यवर्ती ठिकाणी ओतले गेले. त्याचे फायदे खरे आहेत. नौपाड्यातले खाते असलेला माणूस डोंबिवलीत पैसे काढू शकतो, हे आमच्या काळी स्वप्नवत होते. पण पूर्वी एका शाखेतले दिवे गेले तर एकाच शाखेचे काम थांबे. आता मध्यवर्ती ठिकाणी शिंक आली की सगळ्या शाखांना पडसे होते. लहान बँकांच्या बाबतीत तर आणखी एक पायरी पुढे जाऊन अनेक बँकांनी मिळून एकाच कंपनीची यंत्रणा वापरायला सुरुवात केली. खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु ३१ जुलै २०२४ रोजी काय झाले ते आठवून पाहा. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सायबर हल्ला झाल्यामुळे राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला तात्पुरते आपल्या जाळ्यापासून तोडले, आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, मोबाइल-व्यवहार त्या काळापुरते बंद झाले. प्रत्येक बँकेची पाटी वेगळी, संचालक मंडळ वेगळे, सभासद वेगळे. पातेले मात्र एकच.

वही वाटण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत यशस्वी प्रयोग रेल्वेने केला, आणि ठाणेकर म्हणून मला त्याचे विशेष कौतुक वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी १४ डब्यांची होती आणि तिला तीन इंजिने जोडली होती; भार वाटून घेण्याची बुद्धी रेल्वेत पहिल्या दिवसापासून होती म्हणायची! गंमत सोडा. पण हाताने आरक्षण होत असे तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना वाटणीचे सगळे प्रश्न तिथेही दिसले असतील. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेचा तक्ता वेगळा, आणि तो ज्या खिडकीवर असेल त्याच खिडकीवर ते तिकीट मिळायचे. शेजारची खिडकी मोकळी असली तरी उपयोग नाही. आमच्याकडची माणसे पहाटेच्या लोकलने व्हीटी गाठून रांगेत उभी राहात. मधल्या स्टेशनांना ठरावीक बर्थचा कोटा दिलेला असे. ही वाटणीची आणखी एक रीत: प्रत्येकाला आपापला हिस्सा आधीच देऊन टाकायचा, म्हणजे दर वेळी मुख्य ठिकाणी विचारावे लागत नाही. वेग येतो, पण एका स्टेशनाचा कोटा रिकामा जातो आणि दुसऱ्या स्टेशनावर लोक हात हलवत परततात. परतीच्या आरक्षणासाठी तर तार केली जाई, आणि उत्तर येईपर्यंत घरातले वडीलधारे अस्वस्थ असत.

१९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही ते आले. साऱ्या देशाची वही दिल्लीत एकाच ठिकाणी ठेवण्याचा मोह होणे शक्य होते. ती पाच ठिकाणी राहिली. त्या काळच्या टेलिफोन लाइनी ज्यांनी सोसल्या आहेत, ज्यांनी ट्रंक कॉलसाठी रात्र जागवली आहे, त्यांना यातले शहाणपण वेगळे सांगायला नको. सुरुवातीला मात्र ही पाच बेटे होती. १९९९ च्या एप्रिलमध्ये 'कॉन्सर्ट' या नावाच्या प्रणालीने ती पाची केंद्रे एकमेकांना जोडली गेली. ही प्रणाली तयार करणारी 'क्रिस' ही रेल्वेचीच संस्था, १९८६ साली स्थापन झालेली. म्हणजे परदेशातून उचलून आणलेली ही जादू नव्हती. आपल्याच सरकारी खात्यातल्या माणसांचे ते काम आहे.

रचना मोठी साधी आहे. गाडी ज्या केंद्राची, तिची वही त्या केंद्रात. ठाण्याच्या खिडकीवर तुम्ही चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मागितलेत की मागणी मुंबईच्या यंत्राकडे जाते. ही वही आपली नव्हे हे ते यंत्र ओळखते आणि मागणी चेन्नईकडे धाडते. बर्थ चेन्नईच्या वहीत लिहिला जातो आणि तिकीट ठाण्यात छापले जाते. मुंबईच्या गाड्यांचा बोजा चेन्नईवर नाही, चेन्नईचा मुंबईवर नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका बर्थची नोंद करण्याचा अधिकार एकाच वहीला आहे. दादरचा माणूस आणि दिल्लीचा माणूस यांनी एकाच क्षणी तोच बर्थ मागितला तरी तो एकालाच मिळतो, कारण दोघांची मागणी अखेर एकाच टेबलावर पोचते. आमच्या लेजरांतली शिस्त हीच होती.

त्यानंतर वाढप्यांची संख्या किती झपाट्याने वाढली पाहा. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीची इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू झाली. म्हणजे प्रत्येक घर ही एक खिडकी झाली. २०१४ साली नवी प्रणाली आली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेल्याचे सांगण्यात आले. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की आरक्षण यंत्रणेची क्षमता मिनिटाला ३२,००० तिकिटांवरून दीड लाखापर्यंत, आणि चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांपर्यंत न्यायची आहे. या आकड्यांतली एक गोष्ट मला लक्षणीय वाटते. तिकिटे पाचपट, चौकश्या दहापट. असे का? कारण वाचणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला हे कळले त्याला ताण वाटण्याचे निम्मे तंत्र कळले.

वाचण्यासाठी वहीच्या हव्या तितक्या नकला काढता येतात. चार नकला चार ठिकाणी ठेवा, चारपट लोक वाचतील. एखादी नकल दोन मिनिटे जुनी असली तरी आभाळ कोसळत नाही. लिहिताना मात्र तसे चालत नाही. म्हणूनच १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला आणि संकेतस्थळे काही तास उघडलीच नाहीत, तेव्हा मला वाईट वाटण्यापेक्षा नवल अधिक वाटले. निकाल हा निव्वळ वाचण्याचा मामला. गुण ठरलेले, ते बदलायचे नाहीत, कोणी काही लिहायचे नाही. विद्यार्थी किती हे महिनाभर आधी ठाऊक. सगळे एकाच वाजता येणार हेही ठाऊक. वरण बादल्यांत काढून ठेवायला यापेक्षा सोपी पंगत मिळणार नाही.

अकरावीचा प्रवेश त्यामानाने अवघड, कारण तिथे लिहायचेही असते. मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोजक्या क्षेत्रांपुरती असलेली ऑनलाइन प्रक्रिया २०२५ साली सगळ्या राज्याला लागू झाली. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळ कोलमडले आणि प्रत्यक्ष नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली. आत नेमके काय बिघडले याबद्दल तर्क लढवण्यात अर्थ नाही. पण पालक म्हणून, आजोबा म्हणून, एक गोष्ट सुचवाविशी वाटते. हे काम तर जन्मतःच वाटणीला अनुकूल आहे. नौपाड्यातली मुलगी पसंतीक्रमात ठाण्यातली, मुलुंडची, फार तर माटुंग्याची महाविद्यालये भरते. ती नागपूरचे भरत नाही. विभागवार वह्या, विभागवार तारखा, असे केले तर एका विभागाची गर्दी दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. गाडी ज्याची त्याची वही, हेच सूत्र. राज्यभर एक नियम असणे आणि राज्यभर एकच वही, एकच वेळ असणे या दोन गोष्टींची आपल्याकडे गल्लत होते.

आता कोणी म्हणेल, एवढे कशाला, एक वही आणि तिची एक हुबेहूब नकल दुसरीकडे ठेवली की झाले. नकल हवीच. पण नकल ही मूळ वहीला कशी बांधली आहे यावर सारे अवलंबून असते. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. बाजाराने नंतर केलेल्या खुलाशाचे सार असे की, दूरसंचाराच्या जोडण्या तुटल्या, आणि त्यानंतर साठवणीची यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. मुख्य ठिकाणची साठवणसुद्धा यंत्रांना दिसेनाशी झाली. इतका पैसा, इतकी तयारी, आणि आडवी आली ती दोन वह्यांमधली दोरी. दोन गिर्यारोहक एकमेकांना दोरीने बांधून घेतात ते सुरक्षिततेसाठी. पण दोरी कधी सोडायची हेही त्यांना शिकवलेले असते. आणि ते शिकवून भागत नाही, त्याचा सराव लागतो.

इथेच माझी खरी तक्रार आहे. वह्या कशा वाटल्या, नकला कुठे ठेवल्या, त्यांचा सराव केव्हा केला, हे प्रश्न 'तांत्रिक' म्हणून बाजूला सारले जातात. इमारतीची लिफ्ट किती माणसांची आहे हे लिफ्टमध्ये लिहिलेले असते. बसमध्ये आसनसंख्या लिहिलेली असते. नाट्यगृहात बाहेर पडण्याचे दरवाजे कुठे आहेत ते लाल दिव्याने दाखवतात. पण ज्या यंत्रणेत आपली आयुष्यभराची पुंजी नोंदलेली आहे तिला किती माणसे एका वेळी झेपतात, आणि ती थांबली तर दुसरा दरवाजा कोणता, हे सांगण्याची पद्धत नाही. विचारले तर 'ते हेड ऑफिसला ठाऊक', आणि हेड ऑफिसला विचारले तर 'ते व्हेंडरकडे'.

याचा अर्थ प्रत्येकाने उठून दहा सर्व्हर घ्यावेत असा मात्र नाही. या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे. दोन हजार सभासदांच्या पतपेढीला एकच यंत्र पुरते. तिने वही उगाच फाडून पाच ठिकाणी ठेवली तर टॅलीची कटकट तेवढी वाढेल. तिला एक चांगली नकल हवी, तीही त्याच इमारतीच्या तळघरात नको. ठाण्याला पावसाळा असतो. वाटणी ही गरज पडल्यावर करायची गोष्ट आहे. पण गरज पडणार हे ज्यांना वर्षभर आधी दिसते, त्यांनी ती गर्दीच्या दिवशी करायला घेऊ नये.

आणि काही ताण असे असतात की जे वही वाटून हलके होत नाहीत. गणपतीला गावी जायचे आरक्षण हे त्याचे उत्तम उदाहरण. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. सकाळी ८ वाजता घराघरांतून बोटे मोबाइलवर तयार असतात आणि बघता बघता वेटिंग लिस्ट दिसू लागते. गाड्यांप्रमाणे वह्या वाटलेल्या आहेत हे खरे, पण सगळ्यांना त्याच चार गाड्यांची तीच तारीख हवी असेल तर सगळा भार त्याच पानावर येतो. आमच्या पहिल्या टेबलावरच्या पेन्शनरांसारखेच. इथे शेवटच्या आकड्याची युक्ती चालत नाही. मिनिटाला दीड लाख तिकिटे देणारी यंत्रणा आली तरी बर्थ तेवढेच राहणार. 'नाही' हे उत्तर फक्त लवकर मिळेल. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढचा मार्ग मुख्यतः एकेरीच आहे. हा भार संगणकाने उचलायचा नाही, रुळांनी उचलायचा आहे. संगणकाला दोष देण्यात आपण या प्रश्नापुरते तरी चुकीच्या खिडकीवर उभे आहोत.

बँकांच्या बाबतीत मात्र आपली खिडकी बरोबर आहे, कारण सहकारी बँकेचे सभासद हे तिचे मालक असतात. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. लाभांश किती, भेटवस्तू कोणती, यावर तिथे जोरदार भाषणे होतात. तंत्रज्ञानावरच्या खर्चाचे पान सर्वानुमते मंजूर होते. मी ज्या बँकेचा सभासद आहे तिच्याकडे यंदा मी लेखी प्रश्न पाठवायचे ठरवले आहे. आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे आणि ती त्याच क्षणी लिहिली जाते की रात्री? त्या दुसऱ्या प्रतीवरून बँकेचे संपूर्ण दिवसाचे काम शेवटचे केव्हा चालवून पाहिले? पेन्शनच्या आठवड्यात यंत्रणेवर जो ताण येतो तो तिच्या क्षमतेच्या किती टक्के आहे, आणि दरवर्षी तो किती वाढतो? व्यवहार अडकल्याची १०० रुपये रोजाची भरपाई गेल्या वर्षी किती खातेदारांना, न मागता, दिली गेली?

चार प्रश्न, एका पानावर मावतील असे. नौपाड्यातल्या वाचकांपैकी ज्यांचे खाते सहकारी बँकेत आहे त्यांनी हे पान जरूर उतरवून घ्यावे. हेच प्रश्न वीस-पंचवीस सभासदांकडून आले तर ते 'तांत्रिक' राहणार नाहीत. सभेच्या सूचनेत प्रश्न किती दिवस आधी लेखी द्यायचे ते छापलेले असते, तेवढी तारीख पाहून ठेवा.